पन्हळीतलं वाळवंट

साल एकोणीसशे छप्पन. माझं वय एकतीस, शिक्षण चौथी, धंदा सुतारकीचा. शिक्षणाचं आधीच सांगून टाकतो. पुढं ज्यांनी ज्यांनी ते विचारलं त्यांनी हसायलाच विचारलं, आणि आता ऐंशीव्या वर्षी ते पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

इथल्या भोपाळच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक महिन्यामागं घरी आले होते. जवाहर चौकातून येताना पाव किलो पेढे घेऊन आले. म्हणाले, "काका, राजधानीबरोबर नागपूरहून आलेल्या लोकांपैकी आता तुम्हीच उरलात. त्या दिवसांवर काहीतरी लिहा. गोड लिहा हं, दिवाळी आहे." मी म्हटलं लिहीन, पण गोडाचं तुम्ही पेढ्यांवर भागवा. माझ्याकडं जे आहे ते असं आहे.

त्या वर्षी एका सकाळी आम्ही उठलो तर आमचं गाव मुंबई राज्यात गेलेलं आणि आमची नोकरी मध्य प्रदेशात. नागपूर राजधानी होती, ती उचलून भोपाळला नेली. माणसं, फायली, टेबलं, खुर्च्या, सगळं मालगाडीत घालून. त्यात आमची प्रयोगशाळाही होती. प्रयोगशाळा म्हणजे वैरागडे सर, मी, आणि एक लाकडी खोका. सर विद्वान, नावामागं ढीगभर पदव्या. मी त्यांचा मिस्त्री.

आमचं काम काय, असं कुणी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की समोरचा माझ्या मुलीकडं बघतो. म्हातारा ठीक आहे ना, अशा नजरेनं. म्हणून नीट सांगतो. वाळवंटात वाळूच्या टेकड्या असतात. त्या चालतात. वारा मागच्या उतारावरची वाळू खरवडतो, शेंड्यापर्यंत चढवतो, आणि पुढच्या बाजूला ती घसरून पडते. मागून काढली, पुढं टाकली. असं वर्षभर झालं की टेकडी सरकलेली असते. पुढं विहीर आहे की शाळा आहे की कुणाचं घर, ते ती बघत नाही. दिल्लीला ह्याची काळजी लागली होती, आणि सरांना काम दिलं होतं: कुठली टेकडी किती वर्षांत कुठं पोचेल, ते गणितानं काढून द्या.

ते गणित सरांनी मला कितीदा तरी समजावलं, आणि मला ते समजलं. शंका असेल त्यानं घरी यावं. वाऱ्याचा जोर दुप्पट झाला तर वाळू दुप्पट उडत नाही, जवळजवळ आठपट उडते. ही एक गोष्ट. दुसरी, टेकडी जितकी उंच तितकी ती हळू. एक हात पुढं सरकायचं तर उंच टेकडीला आपल्या उंच अंगावरून ढीगभर वाळू लोटावी लागते; बुटकीचं थोडक्यात भागतं. म्हणून लहान पळते आणि मोठी रांगते. ह्या दोन गोष्टींवर सरांनी वह्याच्या वह्या भरल्या होत्या. पण वहीतलं खरं की खोटं हे बघायला वाळवंटात दहा वर्षं बसावं लागलं असतं. म्हणून वाळवंट खोलीत आणायचं. ते आणायचं काम माझं.

तो खोका मी केला होता. सागवानी, पंधरा हात लांब, एका अंगाला काच, एका टोकाला पंखा. आत वाळूचा ढीग ठेवायचा, पंखा चालवायचा, ढीग चालतो का बघायचं. आणि वाळू साधी नाही, राजस्थानातून मागवलेली. बारा पोती.

भोपाळच्या नाक्यावर ती बारा पोती अडवली. नाकेदारानं एकात हात घातला, बोटांतून वाळू गाळली, आणि मला म्हणाला, "रेत है?"

"हो. रेत."

"नागपूर से रेत लाए हो? इधर नर्मदा में खत्म हो गई क्या?"

मी सांगितलं की ही राजस्थानची आहे. तो म्हणाला, मग नागपूरला कशाला नेली होती? अर्धा दिवस त्या पोत्यांवर बसून काढला. शेवटी त्यानं पावतीवर लिहिलं: 'निरुपयोगी माल'. ती पावती माझ्याकडं अजून आहे. नव्या राजधानीनं आमचं नाव पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं, ते बरं झालं.

जागा मिळाली ती जुनी पागा. नवाबी जमान्यात तिथं घोडे बांधत. लांबलचक, उंच, थंड, आणि मागच्या अंगाला चौथऱ्यावर घोड्यांच्या पाण्याचा मोठा दगडी हौद. त्या दिवसांत भोपाळात माणसाला खोली मिळत नव्हती आणि खात्यांना हॉल. सगळं शहर वाटेल तिथं फायली टाकून बसलेलं. आमच्या पागेवर शेजारच्या एका खात्याचा डोळा होता. त्यांचे बडे बाबू दर आठवड्याला टेप घेऊन यायचे आणि आम्ही नाहीच आहोत अशा थाटात भिंती मोजायचे. खोक्यापाशी आले की टेप खोक्यावरून न्यायचे. एकदा मला म्हणाले, "मिस्त्री, जरा हटना." माझ्याच जागेत मला!

असल्या माणसांची कमी नव्हती. नव्या वस्तीत क्वार्टर्स बांधणाऱ्या एका ठेकेदाराची माणसं आमची दोन पोती न विचारता उचलून घेऊन गेली. रेत तो रेत है. वाळवंटातली वाळू वाऱ्यानं घासून गोल झालेली असते, मोहरीसारखी. ती गिलाव्यात धरत नाही. पहिल्या उन्हाळ्यातच त्यांच्या एका भिंतीचा गिलावा पापड सुटावा तसा सुटला. ठेकेदार मलाच विचारायला आला की असं का झालं. मी म्हटलं, "माल निरुपयोगी होता. नाक्यावर विचारून या."

असो. हसण्याच्या गोष्टी इथं संपल्या.

दिल्लीहून कळवलं की तीन महिन्यांनी समिती येईल आणि काम बघेल. टेकडी चालताना दाखवली तर काम पुढं चालू, नाही तर बंद, आणि पागा बडे बाबूंची. इतकं सरळ होतं.

आणि टेकडी चालत नव्हती.

नागपुरात चालली नाही, इथंही चालेना. मी हातानं सुबक ढीग करायचा, पंखा चालू करायचा, आणि दहा मिनिटांत ढीग सपाट. सरकला नाही, वाढला नाही, नुसता उडून गेला. सर काचेला नाक लावून बसायचे, मग वही आपटायचे. "नारायण, गणित चुकत नाही. तुझा खोका चुकतोय. कुठंतरी हवा फुटते आहे."

"सर, माझ्या खोक्यातून मुंगीचा श्वास बाहेर जायचा नाही."

"मग फळी खडबडीत असेल."

माझी फळी खडबडीत! मी तो खोका तीनदा उकलला आणि तीनदा जोडला. उदबत्ती पेटवून एकेका सांध्यापाशी धरली, धूर कुठं हलतो का बघायला. नाही हलला. तळाची फळी रंधून रंधून अशी केली की तिच्यात तोंड दिसावं. ढीग उडाला. मग सर म्हणाले वाळूत धूळ आहे, तू नीट चाळत नाहीस. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, चाळत नाही? आता धुतो. आणि धुवायची ती माझ्या पद्धतीनं.

माझे मामा झारेकरी. सराफाच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, पन्हळीत धुवायचा आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा धंदा. लहानपणी त्यांच्या हाताखाली मी राहिलो होतो. पन्हळ म्हणजे लांब लाकडी नाली. थोड्या उतारावर ठेवायची, वरून पाणी सोडायचं. हलकं वाहून जातं, जड मागं राहतं. तशीच मी आठ हात लांब, वीतभर रुंद पन्हळ केली आणि घोड्यांच्या हौदाखाली लावली. हौदाचं पाणी बघायला रशीदभाई होते, भोपाळचेच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील त्याच पागेत घोड्यांना पाणी भरायचे. नळाला सकाळी पाणी आलं की रशीदभाई हौद भरायचे. बोळा काढला की पाऊण तास पाणी चालायचं.

ते रोज एकदा विचारायचे, "को खाँ मिस्त्री, रेत नहला रिये हो? साबुन भी लगा दो."

एक दिवस पन्हळीच्या खालच्या तोंडाशी माझं फडकं अडकलं. पाणी तुंबलं, पुरतं नाही, चार बोटं चढलं आणि संथ वाहू लागलं. मी फडकं काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. तळाला चंद्रकोरी होत्या. बोटाएवढ्या, सहा-सात. पोट पाण्याच्या येण्याकडं, दोन टोकं पुढं. आणि त्या चालत होत्या. मी नखानं लाकडावर खूण केली, शंभर मोजले. कोर खुणेच्या पुढं गेली होती. मागून कण चढत होते, शेंड्यावरून पुढं घसरत होते. सरांच्या वहीत काढलेलं चित्र जसंच्या तसं. लहान कोरी मोठीला मागून गाठत होत्या.

रशीदभाईंनी डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "ये तो चल रिये हैं, खाँ."

मी तीन दिवस सरांना सांगितलं नाही. रागावलो होतो. माझी फळी खडबडीत म्हणणाऱ्या माणसाला का म्हणून सांगायचं? ही तीन दिवसांची ताठ मान मला आजही नको तेव्हा आठवते. पुढं सरांनी त्यांचा हिशोब एका वाक्यात चुकता केला. चौथ्या दिवशी सांगितलं. सर म्हणाले, "नारायण, मी वाळवंटाचा अभ्यास करतो. नाल्याचा नाही."

"एकदा बघा तरी."

"पाणी ते पाणी, वारा तो वारा."

"सर, तुमचा खोका मी तीनदा उकलला. माझ्या पन्हळीकडं तुम्ही एकदा बघायचं."

आले. पुढची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण सर मोठे होते. पण आता ते नाहीत, आणि त्यांच्यात जे चांगलं होतं तेही लिहिलंच पाहिजे. त्यांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत वर केली, पालथ्या बादलीवर बसले, आणि हौद रिकामा होईपर्यंत उठले नाहीत. पाणी संपलं तेव्हा लहान पोरासारखे ओरडले, "नारायण, अरे ह्या चालतात! रशीदमियाँ, भर दो, और भर दो!" नळाला दुसऱ्या सकाळपर्यंत पाणी नव्हतं. तर सर दुसऱ्या सकाळी माझ्या आधी येऊन बादलीवर बसले होते.

मग आमचा नेम झाला. रोज एक हौद. मी पन्हळीच्या तोंडाशी मुद्दाम फडकं अडकवून कोरी उठवायच्या, मोजायच्या, वहीत लिहायच्या. वहीत चार रकाने: कोर, उंची, चाल, आणि शेवटी निरीक्षकाची सही. सही सरांची, पदव्यांसकट. कोरीला इंग्रजी नाव होतं ते मला लिहिता येईना, म्हणून पहिल्या दिवशी मी लिहिलं 'करंजी'. आमच्या घरी दिवाळीला परातीत करंज्या मांडतात, अगदी तशा दिसत होत्या. करंजी लहान, करंजी मोठी. सरांनी ते खोडलं नाही. हसून म्हणाले, राहू दे, नंतर बदलू. नंतर कधी आलाच नाही.

आकडे सरांच्या गणिताशी जुळले. अर्धी उंची, दुप्पट चाल. पण मग खोक्यात का जमत नव्हतं? सर चार दिवस पागेत आले नाहीत. पाचव्या दिवशी दाढी वाढलेली, हातात नऊ पानं. ते मी माझ्या भाषेत सांगतो. बस समजा. स्टँडवरून रिकामी निघते, थांब्याथांब्याला माणसं चढतात. गच्च भरली की मग उतरायलाही लागतात. पण रस्ताच दोन थांब्यांचा असला तर? नुसती माणसं चढतात, उतरत कुणीच नाही. वारा ही बस. तो वाळू उचलत जातो, आणि पुरता भरेपर्यंत त्याला काही हात अंतर लागतं, कारण वाऱ्यात कण लांब उडी मारतो. आमचा ढीग तेवढा लांबच नव्हता. वारा उचलत राहिला, ठेवलं काहीच नाही, ढीग संपला. म्हणून वाळवंटात घराएवढ्या लांबीहून लहान टेकडी सापडत नाही. पाण्यात कण उडी मारत नाही, लोळतो. बस बोटभर अंतरात भरते. म्हणून पाण्यात बोटाएवढी टेकडी जगते. वाळवंट लहान करायचं तर वाऱ्यात होत नाही, पाण्यात होतं.

थोडक्यात, माझा खोका चुकत नव्हता. फळी खडबडीत नव्हती. सरांनी हे तोंडानं कबूल केलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी मागून खाल्ली, ते मी कबुलीत धरतो.

समितीच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "पन्हळीवर ताडपत्री टाक."

मला वाटलं ऐकण्यात चुकलो. "का?"

"उद्या फक्त खोका दाखवायचा."

"खोक्यात ढीग उडून जातो, सर! ते काय बघायला दिल्लीहून येणार?"

"नारायण, मी सांगतो तेवढं कर. वचन दे."

मी मान हलवली. हलवली, हे खरं आहे. पण मनात पक्कं बसलं की ह्यांना माझी लाज वाटते. चौथी पास सुताराच्या नालीत त्यांचं गणित खरं ठरलं, हे चारचौघांत सांगायला जीभ रेटत नाही.

समितीत पाच जण होते. मुख्य साहेब उंच, पांढरे केस, कोटाला गुलाब. मागं बडे बाबू, टेप खिशात. खोक्याचा पंखा चालू केला. ढीग उडाला. दहा मिनिटंही लागली नाहीत.

मुख्य साहेब म्हणाले, "डॉक्टर साहब, आपका टीला तो भाग गया."

सगळे हसले. सर म्हणाले, त्यामागं कारण आहे, मी ते लेखी मांडलं आहे, आपण सवडीनं...

"सवडीनं कसलं!" असं मी मोठ्यानं म्हणालो. मराठीत म्हणालो, पण आवाज हिंदीतसुद्धा कळतो. सगळे वळले. मी सरळ मागं गेलो आणि ताडपत्री ओढली. रशीदभाईंना हाक मारली, त्यांनी बोळा काढला, पाणी सुटलं. कोरी आदल्या दिवशीच्या तशाच तळाला होत्या. हलल्या. चालू लागल्या.

मी मुख्य साहेबांना म्हटलं, "देखिए साहब. ये चलता है."

साहेब वाकून बघू लागले. खरं सांगतो, क्षणभर त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. तेवढ्यात मागून बडे बाबू म्हणाले, "साहब, रेगिस्तान में बाढ़ आ गई." आणि सगळी पागा हसली. साहेबही सरळ झाले. मोठा माणूस वाकलेला असला आणि मागं लोक हसले, की तो परत वाकत नाही. एवढं मी नोकरीत शिकलो.

त्यांनी पन्हळीजवळची वही उचलली. "ये क्या लिखा है? करंजी?"

"गुजिया, साहब," बाबू म्हणाले. "मराठी लोग गुजिया को बोलते हैं."

"गुजिया बड़ी, गुजिया छोटी." साहेबांनी पान उलटलं. "किसने लिखा?"

"मैंने."

"कितना पढ़े हो?"

"चौथी."

मग ते माझ्याकडं नाही, सरांकडं बघून हसले. "डॉक्टर साहब, रेगिस्तान सूखा होता है या गीला? इतना तो चौथी में पढ़ाते होंगे."

मी सरांकडं बघितलं. सरांच्या कोटाच्या आतल्या खिशात ती नऊ पानं होती. घडी बाहेरून दिसत होती. हात खिशापाशी गेलाही. आणि खाली आला. पन्हळीत पाणी चालू होतं, कोरी चालत होत्या, आणि दिल्लीचे पाच लोक पाठ फिरवून चहाला गेले. कुणीतरी जाता जाता म्हणालं, "चाय के साथ गुजिया मिलेगी क्या?"

ते गेल्यावर मी सरांवर जे तोंडसुख घेतलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग बादली पालथी केली, बसले, आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी नऊला मुख्य साहेबांनी मला एकट्याला भेटायला बोलावलं होतं, नारायण. नऊ पानं समजावून सांगणार होतो. मग त्यांना एकट्याला इथं आणणार होतो. एकटा माणूस बघतो. घोळक्यातला हसतो."

"मग मला सांगायचं होतं!"

"तू तीन दिवस मला सांगितलंस का?"

एवढं मी मान्य करतो. पण म्हणून त्यांचं गप्प बसणं मी माफ केलेलं नाही. मी वचन मोडलं, हा माझा दोष, लिहून देतो. पण नऊ पानं खिशात असताना जो माणूस उघडपणे त्यातलं एक पान काढत नाही, त्याचाही दोष आहे, आणि तो जास्त शिकलेला होता. पुढं सर एका कॉलेजात शिकवायला गेले. नऊ पानं कुठं छापली नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, राहू दे नारायण, गुजिया म्हणतील. परवा माझ्या मुलीनं मला वाचून दाखवलं की परदेशात आता लोक वाळवंटातल्या टेकड्यांचा अभ्यास पाण्याच्या काचेच्या हौदात करतात. बोटाएवढ्या टेकड्या करतात आणि त्या चालताना मोजतात. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे." मी जेवलो नाही त्या दिवशी.

समितीच्या त्याच दिवशी संध्याकाळी कागद आला. काम बंद. पागा फायलींना. आणि खाली एक ओळ माझ्यासाठी: उपलब्ध लाकडातून मिस्त्रीनं रॅक बनवून द्यावेत. उपलब्ध लाकूड म्हणजे माझा खोका आणि माझी पन्हळ. कागद बडे बाबूंनी स्वतः आणून दिला आणि जाता जाता शेवटची भिंत मोजून गेले. सर सही करून निघून गेले. मी घरी गेलो, आणि बायकोनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरही ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत घेऊन पागेत गेलो. रशीदभाई हौदाच्या काठावर बसले होते. हौद काठोकाठ भरलेला.

मी म्हटलं, "अहो, काम बंद झालंय. पाणी कशाला भरलंत?"

"मुझे किसी ने बोला क्या, बंद है?" ते म्हणाले. "अब भर दिया तो भर दिया. क्या करूँ खाँ, वापस नल में डालूँ?"

मी करवत भिंतीला टेकवली. ओली वाळू मूठभर घेतली आणि पन्हळीत दोन ढीग ठेवले. मोठा पुढं, लहान त्याच्या मागं दोन बोटांवर. रशीदभाईंनी बोळा काढला. दोन्ही ढिगांच्या कोरी झाल्या, टोकं फुटली. मी बादलीवर बसून मोजत राहिलो. लहान कोर मोठीला गाठायला आली, मागून तिच्या अंगात शिरली, आणि मला वाटलं संपली. पण थोड्या वेळानं मोठीच्या पुढच्या टोकाकडून एक लहान कोर सुटून निघाली आणि पळत पुढं गेली. असं आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं. रशीदभाई उठून उभे राहिले. "आर-पार निकल गई," म्हणाले.

हौद संपेपर्यंत मी मोजलं. मग वही उघडली. करंजी लहान, तिची उंची, तिची चाल. करंजी मोठी, तिची उंची, तिची चाल. खाली लिहिलं, लहानी मोठीत शिरली आणि पुढून बाहेर पडली. शेवटच्या रकान्यात, जिथं रोज सरांची सही पदव्यांसकट असायची, तिथं मी माझं पूर्ण नाव घातलं: नारायण विठोबा बावणे, चौथी पास.

मग शाई वाळू दिली, वही सदऱ्याच्या आत खोचली, आणि करवत उचलून खोका कापायला घेतला.